‘ठेवते हं’ नंतरचं बोलणं

केतकीने आपल्या थोरल्या बहिणीच्या दुसऱ्या लग्नाला होकार दिला, तेव्हा ती ओट्याशी उभी राहून शेवग्याच्या शेंगांचे दोरे काढत होती, आणि आपण असा काही होकार देतो आहोत याचा तिला पत्ताही नव्हता. होकार दिला तिच्या फोनने. आवाज तिचा, लकब तिची, बोलता बोलता मध्येच नाक ओढायची सवयसुद्धा तिचीच. फक्त ती स्वतः तेवढी त्यात नव्हती.

झालं होतं ते असं.

केतकीचं काम कुणाला सांगून चटकन समजत नसे. लग्नकार्यात एखादीने विचारलंच तर ती म्हणायची, "दुसऱ्यांच्या चुका काढते." त्यावर बायका म्हणत, "त्या आम्हीपण काढतो की! पण आम्हाला कोण विचारतंय?" खरं म्हणजे ती ‘कणा’ नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कोडची तपासनीस होती. त्या काळी निम्म्याहून अधिक महाराष्ट्राचे फोन कण्यावर चालत. कोल्हापुरात तेव्हा रिक्षा आपल्या आपण धावत, पण गिऱ्हाइकाशी वाद घालायला पुढे एक माणूस बसवलेला असे, तेव्हाची ही गोष्ट. कणा कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. गावोगावची जाणती माणसं मिळून तो लिहीत. भजनात एकाने ओळ घ्यावी आणि बाकीच्यांनी ती उचलून धरावी, तसं ते चालायचं. कुणी दुरुस्ती लिहिली की तिला पॅच म्हणायचं, आणि तो पॅच कण्यात मिसळण्याआधी केतकीसारख्या कुणीतरी ओळ न् ओळ वाचून ‘मंजूर’ असा शेरा द्यायचा.

केतकीचे शेरे प्रसिद्ध होते. पॅचमध्ये काढलेल्या ओळी उणे चिन्हाने दाखवतात आणि घातलेल्या अधिक चिन्हाने. बाकीचे तपासनीस घातलेल्या ओळी आधी वाचत. केतकी काढलेल्या वाचायची. माणूस काय आणतो त्यापेक्षा तो गुपचूप काय बाहेर टाकतो, ते तिला आधी बघायचं असे. तिच्याकडे पॅच गेला की लिहिणाऱ्याच्या घरी दोन दिवस जेवण गोड लागत नसे.

या सगळ्या पसाऱ्यात तिचं खरं लाडकं अवजार होतं ‘सांधणी’. फोन कोसळला की त्याला सावरून पुन्हा उभा करणारं. फोन बंद पडला म्हणजे त्याच्या स्मृतीतलं सगळं त्याच क्षणी पुसलं जातं असं आपण समजतो. तसं नसतं. स्मृती म्हणजे विजेचे इवलेसे थेंब धरून बसलेल्या कोट्यवधी वाट्या. वीज गेली तरी थेंब एकदम आटत नाहीत. ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीवर अक्षरांची पांढुरकी सावली थोडा वेळ राहते ना, तशी ती राहते. सांधणी ती सावली वाचते, जे अगदीच गेलं ते आजूबाजूच्या खुणांवरून भरून काढते, आणि कणा पुन्हा ताठ उभा राहतो. या उठण्याला लागायचं अर्धं-पाऊण मिनिट.

वर्ध्याच्या निरंजन ढोबळेंनी पॅच लिहिला होता तो या अर्ध्या-पाऊण मिनिटासाठी. तेवढ्या वेळात चालू असलेला फोन तुटतो, तो तुटू नये म्हणून. माइकजवळ एक वेगळी चिप असते, कणा कोसळला तरी ती जागी राहते. ढोबळेंनी तिला मालकाची बोली शिकवली. मालकाच्याच आधीच्या बोलण्यावरून, त्याच्याच फोनच्या आत, बाहेर कुठे काही न पाठवता. कणा पडला की ही चिप संभाषण उचलायची, मालकाच्या आवाजात वेळ मारून न्यायची, आणि कणा उभा राहिला की बोलणं परत मालकाच्या हाती द्यायची. पलीकडच्याला कळायचंसुद्धा नाही.

हे अवघड असेल असं केतकीला वाटलं होतं. पण मराठी घरातल्या फोनवर एका बाजूने जे बोललं जातं, त्यात ‘हं’, ‘हो का’, ‘मग?’, ‘अगं बाई!’ आणि ‘बघ की’ याशिवाय फारसं काही नसतंच, हे ढोबळेंनी आकड्यांनिशी दाखवून दिलं होतं. चिपला फार हुशार असायची गरजच नव्हती.

कण्याच्या मंडळींची एक रीत होती. पॅचला मंजुरी देण्याआधी तपासनिसाने तो पंधरवडाभर आपल्या घरच्या फोनवर चालवायचा. दुसऱ्याच्या पानात वाढण्याआधी आपल्या पानात वाढून घ्यायचं, असं ते म्हणत. केतकीने पॅच आपल्या फोनवर घातला, आणि एक फोन कमी पडायला नको म्हणून नवऱ्याच्याही.

शशांकचं शेतीपंपांचं दुकान होतं. दोन बटणं एकदम दाबून धरली की फोन मुद्दाम पाडता येतो, हे बायकोने त्याला तपासणीसाठी शिकवलं आणि तिथेच फसली. दुसऱ्या दिवसापासून तक्रारवाल्या गिऱ्हाइकाचा फोन आला की शशांकची बोटं आपोआप त्या दोन बटणांवर जायची. तो पेपर वाचत बसे. फोन म्हणत राही, "हो पाटील... बघतो की... माणूस पाठवतो... नाही नाही, तुमचंच बरोबर..."

"हे तपासणीत धरायचं नाही," केतकी म्हणाली.

"का? पाटील खूश आहेत. म्हणाले, शशांकराव, हल्ली तुम्ही फार शांत झालात."

"अहो, पण माणूस पाठवलात का?"

"त्याचंही यंत्र निघेल," शशांक पान उलटत म्हणाला. "केतू, तू हा पॅच मंजूर करच. आयुष्यात पहिल्यांदा मी आईचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं असं आईला वाटतंय."

आणि अशात ती दुपार आली. गडहिंग्लजहून ताईचा फोन.

वैजयंतीताई केतकीहून सहा वर्षांनी मोठी. भाऊजी गेले, लेक लग्न होऊन भोपाळला गेली, तेव्हापासून ताई रोज दुपारी फोन करायची. बोलायला लागली की धबधबा. लहानपणी आईबरोबर तिच्या तोंडात ओव्या बसल्या होत्या, आणि आता ती हसत हसत स्वतःवरच जुळवायची:

*दुपारचा माझा फोन, धाकटीच्या गं घराला*
*बोलू बोलू सरंना, दोर पुरंना आडाला*

त्या दुपारी गुडघ्यापासून सुरुवात झाली. केतकीच्या पुढे शेंगांचा भारा होता, गुडघ्याची हकिगत तिला पाठ होती. तिच्या मनात आलं, तपासणीही होईल आणि शेंगाही होतील. तिने दोन बटणं दाबली, फोन बरणीला टेकवून ठेवला आणि सोलायला लागली. फोन हं-हं करत राहिला. मिक्सर लावल्यावर तर तोही ऐकू येईना. बऱ्याच वेळाने बघते तो काचेवर नेहमीसारखा सारांश आलेला. मालक नसताना काय बोलणं झालं ते थोडक्यात सांगायची सोय ढोबळेंनी केली होती. ‘गुडघा: किंचित बरा. कढीपत्ता: कीड. शेजारची सून: पुन्हा माहेरी. निरोप घेतला.’

केतकीला इतकं समाधान वाटलं की तिने ढोबळेंना त्या दिवशी कधी नव्हे तो एका शब्दाचा शेरा पाठवला: ‘सुबक.’ ढोबळेंनी तो बायकोला वाचून दाखवला म्हणे.

चार दिवसांनी सकाळी दारात दिगंबर मुळीक उभे.

हे गडहिंग्लजचे पेटीवाले. बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे, सूर लावून द्यायचे, आणि भाऊजींच्या भजनी मंडळात साथीला बसायचे. साठी ओलांडलेली, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. केतकीच्या मनात त्यांची एकच आठवण ठसठशीत होती. भाऊजींच्या वर्षश्राद्धाला या गृहस्थांनी तिसऱ्यांदा खीर मागून घेतली होती. आज ते कडक इस्त्रीचा सदरा घालून, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन, शाळेत नाव घालायला आणलेल्या पोरासारखे उभे होते.

"या ना," केतकी म्हणाली. "इकडे कुणीकडे?"

"पेटीच्या पट्ट्या न्यायला आलो होतो. म्हटलं, आभार मानल्याशिवाय जाणं बरं दिसणार नाही."

"आभार? कशाबद्दल?"

दिगंबरराव लाजले. साठीच्या माणसाला लाजताना केतकीने कधी पाहिलं नव्हतं. कानाच्या पाळ्यांपासून सुरू होतं.

"आता तुम्ही मोठेपणानं तसं विचारणारच. पण वैजयंतीला लेकीची काळजी नव्हती, लेक कधीच तयार झाली. सगळं अडलं होतं ते तुमच्यापाशी. म्हणायची, धाकटी काय म्हणेल? आणि तुम्ही किती मोकळ्या मनानं..." त्यांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला. "‘बरं झालं गं ताई. एकटीनं किती दिवस ओढायचं? माणूस चांगला असला म्हणजे झालं.’ हे वाक्य ती दिवसातून दहा वेळा म्हणते. लग्न साधंच करायचं ठरवलंय. पुढच्या महिन्यात. नोंदणी आणि देवदर्शन."

केतकीने पेढ्यांचा पुडा घेतला. चहा केला. साखरेऐवजी दोनदा चहापूड घातली. दिगंबररावांनी तो चहा न कुरकुरता पिऊन टाकला, आणि जाताना इतके वाकून नमस्कार करून गेले की खिशातला चष्मा उंबऱ्यावर पडला.

ते वाक्य तिने ओळखलं होतं. तिचंच होतं. गेल्याच आठवड्यात नणंदेने स्वयंपाकाला बाई ठेवायचं ठरवलं तेव्हा फोनवर ती म्हणाली होती, ‘बरं झालं. एकटीनं किती दिवस ओढायचं? बाई चांगली असली म्हणजे झालं.’ चिपने ‘बाई’च्या जागी ‘माणूस’ घातला होता आणि स्वयंपाकघराचं वाक्य नेऊन लग्नमंडपात बसवलं होतं.

तिने पॅच उघडला. या वेळी काढलेल्या ओळींकडे पाहिलंच नाही. घातलेल्या ओळी वाचल्या, एकेक करून, आणि चूक समोर आली. बोलणं मालकाच्या हाती परत द्यायचं ते मध्येच तोंडातला घास काढल्यासारखं वाटू नये म्हणून ढोबळेंनी अट घातली होती: पलीकडे दोन सेकंद शांतता असेल तेव्हाच द्यायचं. अट सभ्य होती. पण वैजयंतीताई दोन सेकंद गप्प राहिल्याची नोंद उभ्या घराण्यात नव्हती. कणा केव्हाचा उभा राहिला होता, आणि चिप मात्र ताईच्या तोंडाकडे बघत हं-हं करत बसली होती.

खाली दुसरी ओळ. ‘ठेवते’, ‘ठेवतो’, ‘चल मग’, ‘येते हं’ यांपैकी काही आलं की निरोप झाला असं समजून सारांश बंद करायचा.

केतकीने ढोबळेंना फोन लावला.

"ढोबळे, तुमच्या घरी ‘ठेवते हं’ म्हटल्यावर बायका फोन ठेवतात का?"

"आमची आई तं ठेवत नाही जी. ती ‘ठेवते’ म्हणते अन् मंग सांगते का मामाचं ऑपरेशन हाय."

"मग हे लिहिताना आईला विचारलं नाहीत?"

"काहून विचारू? आईचा फोन आला का मी बायकोले देतो."

"अहो, आपल्याकडे जे सांगायला फोन केलेला असतो ते ‘ठेवते हं’ म्हटल्यावर सांगतात! त्याच्या आधी असतो तो गुडघा!"

मग केतकीने त्यांना सगळं सांगितलं. ढोबळे बराच वेळ ‘अरे देवा’ म्हणत राहिले.

"ताई काय काय बोलली, यंत्र काय काय बोललं, ते मला ऐकायचंय," केतकी म्हणाली. "काढता येईल?"

"नाही येत ना ताई. एक शब्द साठवून ठेवायचा नाही, हा तुमचाच शेरा होता पयल्या खेपेला. ठळक अक्षरात."

ते खरं होतं.

"आता रिपोर्ट तं लिहाच लागते," ढोबळे खालमानेने बोलल्यासारखं बोलले. "सोमवारी नवीन कणा सगळ्यायच्या फोनवर जाते. तुमी नाही म्हटलं तं थांबते. पण ताई... रिपोर्टमधी कॉल नोंदवला का पलीकडच्यालेबी आपोआप निरोप जाते. ‘या बोलण्यातला काही भाग यंत्र बोललं.’ नियम हाय. पाहून घ्या."

फोन ठेवून केतकीने रिपोर्टचा कोरा अर्ज उघडला. रिपोर्ट लिहिला तर ताईला कळणार की ज्या वाक्याला ती दिवसातून दहा वेळा कुरवाळते, ते एका चिपने स्वयंपाकीणबाईवरून जुळवलेलं आहे. नाही लिहिला तर सोमवारपासून घरोघरच्या ताया अशाच कुणाशी तरी बोलत राहणार.

शशांकने पेढा तोंडात टाकला. "मला सांग, अडचण काय आहे? होकार पोचलाय, लग्न होतंय, दोघं आनंदात आहेत. पेढेही बरे आहेत."

"पण तो होकार माझा नाहीये!"

"मग तुझा दे."

द्यायला तो तिच्यापाशी होता कुठे? तिच्यापाशी होते शेरे. हा माणूस राहणार कुठे, तिच्या घरी की ती त्याच्या? दिवसभर त्या पेट्यांचं पीं-पीं कोण ऐकणार? ताईचा गुडघा, आणि त्याचं घर वरच्या मजल्यावर. भाऊजींच्या फोटोचं काय? आणि ती खीर. प्रत्येक शेऱ्याखाली आणखी एक काहीतरी होतं, पण ते तिला वाचता येत नव्हतं.

रविवारी ती गडहिंग्लजच्या एसटीत बसली.

ताईने दार उघडलं ते बोलतच. "आलीस? मला वाटलं दुपारच्या गाडीनं येतीस. बस. नाही, आधी पाणी घे. ही साडी बघ, मोरपिशी घेतली, या वयात जरा भडक वाटते का? दिगंबर म्हणाले, भडक नाही, सुरात आहे. त्यांना सगळं सुरातच दिसतंय बघ. आणि लेकीनं काय केलं माहितीय का..."

"ताई, मला जरा..."

"...तिनं त्यांना तिकडूनच विचारलं, घोरता का म्हणून! जावई शेजारी बसलेले. ते बिचारे काय म्हणाले असतील?"

"हं," केतकी म्हणाली.

"म्हणाले, एकटाच झोपतो, कुणी सांगितलंच नाही कधी!"

"अगं बाई!"

"मग मी म्हटलं, आता कळेल."

"बघ की," केतकी म्हणाली, आणि स्वतःच दचकली. चहा संपेपर्यंत ती हं, हो का, मग, अगं बाई एवढंच बोलली होती. शेजारी फोन पाडून ठेवला असता तरी हेच झालं असतं. वर्षानुवर्षं रोज दुपारी हेच होत आलं असणार. ढोबळेंच्या चिपने काहीएक नवं केलं नव्हतं. ती केतकीकडूनच शिकली होती.

"ताई!" ती इतक्या जोरात म्हणाली की पायऱ्यांवरचं मांजर उठून गेलं. "तो होकार मी दिलेला नाही."

मग तिने भराभरा सगळं सांगून टाकलं. पॅच, चिप, दोन बटणं, शेंगा. बटणं आपण होऊन दाबली होती, तेही. फक्त स्वयंपाकाच्या बाईचं तेवढं ओठात धरलं. तेही शेवटी सांगितलं.

ताई गप्प झाली.

दोन सेकंद गेले. आणखी गेले. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज चौकापर्यंत जाऊन विरला, तरी ताई गप्पच. हातातल्या मोरपिशी पदराची घडी तिने मोडली आणि पुन्हा घातली. ही शांतता केतकीने आजवर ऐकलीच नव्हती. या शांततेत बोलणं हातात यायचं असतं, असं तिनेच मंजूर केलेल्या कोडमध्ये लिहिलं होतं. ते आता आलं होतं, आणि ते कसं धरायचं ते तिला कळत नव्हतं.

"म्हणजे," ताई शेवटी म्हणाली, "मी तासभर रडत होते ते एका डबीपुढं."

"ताई..."

"मला वाटलंच होतं जरा. तू असं कधी ऐकून घेतलंयस का मला? एकदा तरी मध्ये ‘पण’ म्हणतीसच. त्या दिवशी एकपण ‘पण’ नाही. मी मनाशी म्हटलं, धाकटी आता मोठी झाली." तिने डोळे पुसले नाहीत, नुसतं नाक पुसलं. "बरं. आता आलीयस ना समोर? आता तू सांग. काय म्हणायचंय तुझं तुला?"

केतकीने शेरे सुरू केले. घर कुणाचं, फोटोचं काय, गुडघा आणि जिना. ताईची उत्तरं तयार होती. घर तिचंच, दिगंबर इथे येणार. पेट्या परसातल्या खोलीत. भाऊजींचा फोटो आहे तिथेच राहील, उलट दिगंबर म्हणाले की रोज सकाळी त्यांना एक अभंग ऐकवीन, नाहीतरी ते माझ्या साथीला नावं ठेवायचेच, आता गप ऐकावं लागेल. केतकीने खिरीचा मुद्दाही काढला.

"तिसऱ्यांदा?" ताई म्हणाली. "अगं, त्या खिरीत आपल्या आचाऱ्यानं मीठ टाकलं होतं. कुणी दुसऱ्यांदा घेईना. पातेलं भरून उरणार, मला लाजिरवाणं होणार, म्हणून तो माणूस वाटीवर वाटी संपवत बसला. नंतर दोन दिवस पोट धरून होता."

शेरे संपले. केतकी आणखी एक शोधायला गेली आणि त्या सगळ्यांच्या खाली जे होतं ते अचानक वर आलं. अडवायच्या आधीच तोंडातून बाहेरही पडलं.

"मग दुपारी मला फोन कोण करणार?"

आवाज इतका लहान निघाला की तिचा तिलाच ओळखू आला नाही. पोरीचा आवाज. थोरली शाळेला निघाली म्हणून दारात उभं राहून भोकाड पसरणारीचा.

ताईने तिच्याकडे बघितलं. मग तिच्या खांद्यापासून हसू सुरू झालं, गुडघ्यापर्यंत गेलं, आणि गुडघा दुखला म्हणून ती ‘आई गं’ करत आणखी हसली.

"आगं येडे! लग्न करतेय मी, मुकी नाही होत!"

मग दोघी हसल्या, मग दोघी रडल्या. मग ताई उठून तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "हे काही त्या डबीला विचारायला सुचलं नाही बघ. तिनं नुसतंच बरं झालं म्हटलं."

केतकीने तिथेच बसून रिपोर्ट लिहिला. ताई शेजारी बसून, चष्मा लावून, प्रत्येक वाक्य वाचत होती. केतकीने शेवटचा शेरा लिहिला: ‘नामंजूर. कॉल तुटला तर तुटू द्यावा. माणूस पुन्हा लावेल.’

"आणि नाही लावला तर?" ताईने विचारलं.

"मी लावीन."

"तू?" ताई म्हणाली. "तू कधी लावलायस?"

केतकीने रिपोर्ट पाठवला. लगोलग ताईच्या फोनवर टुण् झालं. ताईने मोठ्याने वाचलं, "‘आपल्या संभाषणातला काही भाग यंत्र बोलले होते, क्षमस्व.’ उशीर केलास रे बाबा." आणि त्याच फोनवरून तिने दिगंबररावांना फोन लावला. धाकटी आलीय, होकार तिचा नव्हताच, सगळं सांगून झालं आणि पलीकडून नुसतं "हं... हो का... हं..." येत राहिलं, तशी ती थबकली. तिने फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हीच आहात ना?"

"मी नाही तर कोण असणार?" पलीकडचा आवाज कापरा होता. "मध्येच काही बोललो तर मोडायचं, म्हणून नुसतं हं म्हणत होतो. म्हणजे होकार नाही का? काय म्हणाल्या त्या? आता काय म्हणतायत?"

"तीच सांगेल," ताई म्हणाली, आणि फोन केतकीच्या हातात कोंबला.

केतकीने फोन कानाशी धरला. जिना, गुडघा, पीं-पीं, घोरणं, सगळे शेरे पुन्हा एकदा जिभेच्या टोकावर येऊन उभे राहिले. पलीकडे एक माणूस श्वास धरून थांबला होता, तेवढं ऐकू येत होतं.

"दिगंबरराव," ती म्हणाली, "जेवलात का?"

पलीकडे काहीतरी धडपडलं. मग कुठेतरी पेटीच्या पट्ट्यांवर कोपर टेकल्यासारखा एकदम पाच-सहा सुरांचा गलका झाला.

"नाही अजून," ते म्हणाले.

"मग या. ताई भाकऱ्या टाकतेय."

"मी कधी म्हटलं?" ताई म्हणाली, आणि परात काढायला आत गेली.